बांगडीच्या काचेची केस

मी माझ्या पीएचडीच्या गाइडच्या थोबाडीत मारली, ही गोष्ट विद्यापीठाच्या विधी विभागात अजून सांगितली जाते. नवीन मुलांना ती पहिल्याच आठवड्यात कळते, आणि मग ती मुलं कॉरिडॉरमध्ये मला जरा जास्तच वाट करून देतात. गोष्ट खरी आहे. मध्ये टेबल नसतं तर दुसरीही बसली असती. पण सांगणारे तेवढंच सांगतात. का मारली ते सांगायला गेलं तर सरांचं नाव खराब होतं, आणि सरांचं नाव म्हणजे विभागाचं नाव, असं तिथं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. माझ्या नावाचं काय झालं ते विचारायला कुणी येत नाही. म्हणून मीच लिहिते.

मी बाजारातली बाई आहे. आजोबा महूला पलटणीत होते, पण पलटणीची ऐट आमच्यापर्यंत पोचेस्तोवर संपली होती. आई आठवडी हाटात कापड विकायची. एक दिवस बेटमा, एक दिवस हातोद, डोक्यावर गठ्ठा, मागे मी. एकदा बेटम्याच्या हाटात एका गिऱ्हाइकानं भाव पाडायला म्हणून आईचं मनगट धरलं आणि हसत हसत पिरगाळलं. आईनं कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि त्याच्या कोपरावर घातला. हाड वाजलेलं मी ऐकलं. तो खाली बसून ओरडत होता, आणि आईनं त्याच गजानं पुढच्या बाईला अस्तर मोजून दिलं.

तिथं मी भाव करायला शिकले. आकडा आपण आधी बोलायचा नाही. गप्प राहता येतं त्याचा माल विकला जातो. आणि समोरचा न मागता काही देऊ लागला तर सावध व्हायचं, कारण न मागता दिलेलं माणूस सहज परत घेतो. राग मात्र मी शिकले नाही, तो आईकडून तसाच आला.

कापडाचं दुकान टाकलं, चालवलं, तिशीनंतर एलएलबी केलं, मग एलएलएम, आणि चाळिशीत पीएचडीला नाव घातलं. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतले आमचे सर पहिल्या भेटीत म्हणाले, "अहो मॅडम, तुमच्याकडे फील्ड आहे, माझ्याकडे थिअरी आहे. छान जमेल आपलं." सौदा मला बरा वाटला. माल माझा, दुकान त्यांचं.

माझा विषय होता मारहाणीच्या उलट तक्रारी. वकील त्यांना क्रॉस केस म्हणतात. गावात दोन भाऊ पाण्याच्या पाइपवरून भांडतात. एकाचं डोकं फुटतं, तो पोलीस थान्यात जातो. ज्यानं फोडलं त्याला आता समझौता करायचा तर त्याच्याकडेही एक तक्रार हवी. रिकाम्या हातानं भाव होत नाही. तक्रारीला जखम लागते. नसली तर करतात. ती बहुतेक घरातल्या बाईच्या अंगावर करतात, कारण बाईची तक्रार लवकर लिहून घेतली जाते. इकडची ठरलेली रीत बांगडीची. बाईच्या हातातली बांगडी फोडायची आणि तिच्याच काचेनं ओरखडा काढायचा, दोन टाके पडतील इतपत. सांगायचं की समोरच्यानं हात पिरगाळला, बांगडी फुटली, लागलं. साधी दुखापत. मग दोन्ही तक्रारी समोरासमोर ठेवून लोक अदालतीत सह्या होतात, दोन्हीकडचे पुरुष एकमेकांना गळामिठी मारतात आणि बाई टाके घेऊन घरी जाते. हे मी गावोगाव हिंडून गोळा केलं. पुस्तकांत याच्यावर एक ओळ नव्हती. सर म्हणाले, "थोडं रॉ आहे, पण आहे काहीतरी."

विभागाचं एक विधी सहायता केंद्र आहे. दोन टेबलं, एक पंखा, भिंतीवर संविधानाची प्रस्तावना. गरीब माणसांना तिथं फुकट सल्ला मिळतो आणि आमच्या विद्यार्थ्यांना सराव. तिथं एक दिवस ती आली. हातोदच्या पलीकडच्या एका गावातली, तिशीची, उजवा हात मनगटापासून पट्टीत आणि लुगड्याच्या पदरात लपवलेला. बरोबर नवरा. बोलत तोच होता.

"मॅडमजी, इसका हाथ बेकार हो गया. जेठ ने मरोड़ा. विकलांग का सर्टिफिकेट बनवाना है."

मी कागद पाहिले. दोघा भावांचं शेतातल्या पाइपवरून भांडण झालं होतं. यानं मोठ्या भावाचं, म्हणजे तिच्या जेठाचं, गळ्याजवळचं हाड पाइपनं मोडलं होतं आणि त्या केसमध्ये हा जामिनावर होता. उलट तक्रार त्याच दिवशीची, तिच्या नावानं. पण डॉक्टरनं लिहिलं होतं, धारदार वस्तूनं झालेली जखम, मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन बोटांच्या नसा तुटलेल्या, गंभीर दुखापत. पोलिसांनी कलम वरचं लावलं होतं. जेठ तुरुंगात होता. आणि ते कलम असं की त्यात समझौता करायला कायदा परवानगीच देत नाही.

ओरखडा खोल गेला होता. एवढीच चूक. मेलेल्या बाजारात कुणी किमतीपेक्षा जास्तीचा माल आणावा तशी याची जखम जास्तीची झाली होती, आता ती कशालाच बदलून मिळत नव्हती. म्हणून त्यानं नवीन हिशेब मांडला होता: हात कायमचा गेला असं सरकारनं लिहून दिलं, तर जेठ कित्येक वर्षं बाहेर येत नाही, आणि शेताचा त्याचा हिस्सा कसणारं कुणी उरत नाही.

डॉक्टरांच्या कागदावर खाली आणखी एक ओळ होती. लवकर ऑपरेशन केलं तर बोटं परत वळतील. उशीर झाला तर तुटलेली टोकं आखडतील आणि मग काही करता येणार नाही. ती ओळ त्यानं वाचली होती. म्हणूनच तो तिला ऑपरेशनला नेत नव्हता.

मी त्याला आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला पाठवलं. हाटात बाईला लुगडं विकायचं असेल तर आधी तिच्या माणसाला चहाला पाठवावं लागतं. तो दाराबाहेर गेला तशी ती बोलली. माळवीत बोलायची ती, हळू आणि सपाट.

"दीदी, जेठ ने नी काटा. इनने काटा. सासूनं हात पाटावर धरला होता. मी म्हटलं हळू, हळू. त्यांचा हात भांडणामुळं थरथरत होता."

"ओरडलीस?"

"सासूनं तोंडात पदर कोंबला. शेजारी ऐकतील म्हणून."

मी विचारलं, मजिस्ट्रेटसमोर हे सांगशील का. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पट्टीकडे.

"आधी हात. हात नाही तर मी कशावर जगू? माहेरी भाऊ ठेवून घेईल, पण काम करणारीला. हाताचं ऑपरेशन होऊ द्या, मग जिथं म्हणाल तिथं बोलते."

सौदा ठरला. मी तिला सांगितलं, हे या खोलीबाहेर जाणार नाही. नवरा झेरॉक्स घेऊन आला तेव्हा मी तोंड वाकडं करून म्हटलं, सर्टिफिकेट असं मिळत नाही, मोठ्या हॉस्पिटलात भरती करून तपासणी करावी लागते, मी पुढच्या आठवड्यातली तारीख घेते. तो खूश झाला. माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले, कारण त्याच्या तोंडावर लाथ बसायची भीती होती.

हॉस्पिटलच्या हाडांच्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवलं. पलंग मिळाला. भरती झाली की नवऱ्याला बाहेर बसवायचं आणि हिला आत न्यायचं, एवढंच उरलं होतं.

विभागाचा नियम असा की फील्डवर घेतलेली प्रत्येक मुलाखत गाइडनं वाचून त्यावर सही करायची. मी ती मुलाखत लिहून सरांना दिली. वर लाल शाईनं गोपनीय लिहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती माझ्यासमोरच वाचली.

"काय फॅक्ट्स आहेत हो," ते म्हणाले. "अगदी क्लीन. सगळं एका वाक्यात उभं राहतं."

"सर, ऑपरेशन होईपर्यंत हे कुठंच जाता कामा नये."

"अहो, मी काय पेपरात देणार आहे?"

पेपरात नाही दिलं.

आमच्याकडे दर वर्षी विभागातल्या विभागात मूट कोर्ट होतं. मुलं काळे कोट घालून खोट्या कोर्टात खोटी केस लढतात. केसची हकीकत सर स्वतः लिहितात. तिला मूट प्रॉब्लेम म्हणतात आणि पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं. पाकीट बंद असतं, ते फक्त भाग घेणाऱ्या मुलांना दोन दिवस आधी देतात. न्यायाधीश म्हणून शहरातले वकील बोलावतात. ते बहुतेक सरांचेच जुने विद्यार्थी असतात. शाल, नारळ, जेवण, फोटो. मला त्या दिवशी वेळ सांभाळायला बसवलं होतं. समोर घंटी. कुणाची मिनिटं संपली की वाजवायची.

पहिली मुलगी उठली. चांगली होती, आवाज खणखणीत. "माय लॉर्ड्स," ती म्हणाली, "या केसमध्ये पतीनं पत्नीच्या मनगटावर बांगडी फोडली, सासूनं हात पाटावर धरून ठेवला, आणि पतीनं भावाला अडकवण्यासाठी काचेनं..."

मला पुढचं ऐकू आलं नाही. टेबलावरची हकीकतीची प्रत मी ओढून घेतली आणि चाळली. पाटसुद्धा तसाच ठेवला होता त्यांनी. पदरही होता. फक्त गावाचं नाव बदललं होतं आणि पाण्याच्या पाइपऐवजी बांध लिहिला होता.

तीन न्यायाधीशांपैकी मधल्या खुर्चीतले वकील इतका वेळ मोबाइल पाहत होते. त्यांनी तो उलटा ठेवला. मी त्यांना ओळखत होते. तिच्या नवऱ्याच्या जामिनाच्या अर्जावर त्यांची सही मी काही दिवसांपूर्वीच तिच्या कागदांत पाहिली होती.

"कौन्सेल," ते गोड आवाजात म्हणाले, "ये बात पत्नी ने किसको बताई?"

मुलीनं पान उलटलं. "माय लॉर्ड, हकीकतीच्या चौथ्या परिच्छेदाप्रमाणे, एका संशोधक महिलेला."

"पती की गैरहाजिरी में?"

"येस, माय लॉर्ड. पती झेरॉक्स काढायला गेले होते."

मुलं हसली. हॉलभर हसली. मी घंटी वाजवली. मुलीचा वेळ अर्धाही झाला नव्हता. ती गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मी परत वाजवली, वाजवत राहिले, शेवटी पहिल्या रांगेतून सर उठून आले आणि घंटीवर हात ठेवून दबक्या आवाजात म्हणाले, "काय चाललंय मॅडम? पाहुणे बसलेत."

"प्रॉब्लेम बदला. आत्ता बदला. बंद करा हे."

"बाहेर चला आपण."

बाहेर मी त्यांना सांगितलं की मधले न्यायाधीश कुणाचे वकील आहेत. त्यांचा चेहरा उतरला हे मी पाहिलं. क्षणभरच. मग ते म्हणाले, "वर स्पष्ट छापलंय, सर्व पात्रं काल्पनिक आहेत. तो माझा विद्यार्थी आहे हो, सभ्य माणूस आहे. आणि तुम्ही असा तमाशा केलात तर उलट त्याच्या लक्षात येईल."

आम्ही आत गेलो तेव्हा मधली खुर्ची रिकामी होती. जरुरी फोन आला म्हणून निघून गेले, असं बाजूच्या न्यायाधीशांनी सांगितलं. त्यांचा नारळ टेबलावर तसाच होता.

तिच्याकडे फोन नव्हता. जेठाच्या बायकोचा नंबर माझ्याकडे होता, कारण दोन्ही बाजूंच्या मुलाखती घेण्याची माझी पद्धत होती. जेठाणीला लावला तर बंद. लावत राहिले. थान्यात लावला, तर तिथला शिपाई म्हणाला, "अभी कुछ हुआ तो है नी मॅडम, हो जाए तो बताना."

झालं. जेठाणीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तिचा नवरा याच बाईच्या तक्रारीमुळं तुरुंगात होता, आणि रडत तीच होती.

"दीदी, देवरानी को मार डालेगा. दरवाजे में हाथ दे दिया."

मला आधी कळलंच नाही. तिनं परत सांगितलं. वकिलाचा फोन आल्यावर नवऱ्यानं तिला ओसरीत ओढलं, पट्टी फाडली, तोच हात उंबऱ्याशी चौकटीत धरला आणि दुसऱ्या हातानं दार लावलं. लाकडी, लोखंडी पट्ट्यांचं दार. एकदा नाही. सासू पाणी भरत होती. नंतर खोलीला कुलूप घातलं. जेठाणी भिंतीपलीकडून कण्हणं ऐकत होती.

मी विभागात पोचले तेव्हा सर त्यांच्या चेंबरमध्ये कालच्या कार्यक्रमाचे फोटो निवडत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "या, मॅडम. डोकं थंड झालं का?"

तेव्हा मारली. चष्मा उडून कपाटाखाली गेला. ओठ दातावर आपटून फुटला, शर्टावर रक्त पडलं. बाहेरचा शिपाई आत आला, सरांनी त्याला हातानंच बाहेर घालवलं. एवढी अक्कल त्यांना होती.

"मी पोलीस बोलावू शकतो," ते म्हणाले.

"बोलवा. मीही तेच सांगायला आले." मी दरवाजा, उंबरा, हात, सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला नाही, हे मला आठवतं. मी भाव करायला बसले की आवाज खाली येतो. "मूट प्रॉब्लेमवर तुमचं नाव आहे. माझ्या मुलाखतीवर तुमची सही आहे. दोन्ही कागद मी कुलगुरूंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर काय होईल ते तुम्ही मला शिकवलंय."

ते रुमालानं ओठ पुसत राहिले. मी गप्प बसले. फार वेळ नाही लागला.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"हातोद थान्याचे इन्स्पेक्टर, ते टीआय, तुमचे विद्यार्थी आहेत, हे तुम्ही प्रत्येक भाषणात सांगता. त्यांना फोन लावा. गाडी काढा. माझ्याबरोबर चला आणि तिला बाहेर काढा. मी कुलगुरूंकडे जाणार नाही."

"आणि हे?" त्यांनी ओठाकडे बोट केलं.

"हे तुम्ही पायऱ्यांवरून पडलात."

त्यांनी फोन उचलला. आणि नंबर लावता लावता, मी न मागता, म्हणाले, "तुमची थीसिसही मी या वर्षात मार्गी लावतो. शब्द आहे माझा." मी मान हलवली. तिथं मी थांबायला हवं होतं, म्हणायला हवं होतं की हे सौद्यात नाही. पण माझं लक्ष दारातल्या हातावर होतं.

त्यांच्या पांढऱ्या गाडीतून आम्ही गेलो. रस्ताभर ते थिअरी बोलत होते, संमती, गोपनीयता, शैक्षणिक हेतू. मी खिडकीबाहेर लसणाची शेतं पाहत होते. पोलिसांची गाडी फाट्यावर भेटली.

दारात नवरा उभा होता, हातात तोच सिंचनाचा पाइप. टीआयनं आवाज दिला, "भिया, नीचे रख." त्यानं ठेवला नाही. मला पाहिलं आणि पाइप फिरवला. मी मागे झाले, आणि पाइप सरांच्या गाडीच्या काचेवर बसला. काच सरांच्या मांडीवर सांडली, ते आतच बसले होते. दोन शिपायांनी त्याला मातीत पाडलं, एकानं त्याच्या पाठीवर गुडघा रोवला. सासूनं चुलीतलं जळकं लाकूड उचलून माझ्याकडे फेकलं. ते माझ्या खांद्याला लागलं. अजून डाग आहे. मी तिच्या अंगावर धावले. मला महिला शिपायानं मागून कंबरेला धरून उचललं, नाहीतर त्या म्हातारीचं मी काय केलं असतं मला माहीत नाही. तसं वाटल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

कुलूप फोडलं. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीवर, कुणाचा तरी परका ठेवल्यासारखा. काळानिळा, दुप्पट झालेला. तिनं आधी पोलिसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऑपरेशन की तारीख निकल गई क्या?" तिनं विचारलं.

नव्हती गेली. पण आता नुसत्या नसा नव्हत्या, हाडंही होती. डॉक्टरांनी आधी सूज उतरू दिली, मग उघडलं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी आणि जेठाणी बाकावर बसलो. आत तिच्या हाताचं काय होतंय ते माहीत नव्हतं आणि आम्ही दोघी तिच्या नवऱ्याला शिव्या देत होतो, ती माळवीत, मी मराठीत. एकमेकींच्या शिव्या आम्हाला चांगल्या समजत होत्या.

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मूठ बंद करा. तिनं केली. एक बोट आत गेलं, कापत कापत, पण गेलं. दुसरं सरळ राहिलं. डॉक्टरांनी ते स्वतःच्या हातानं वाकवून पाहिलं आणि मान हलवली. आधी आणलं असतं तर दोन्ही वळली असती, ते म्हणाले. ते बोट तिनं दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं, घरी जाईपर्यंत.

सौद्यातला तिचा भाग तिनं पुरा केला. मजिस्ट्रेटसमोर सगळं सांगितलं, पाटासकट. जेठ सुटला. नवरा आत गेला, मग जामिनावर आला, आणि आता त्याच वाड्याच्या त्या बाजूला राहतो. ती या बाजूला, जेठाणीच्या घरात. माहेरच्या भावानं सरळ बोट पाहून नंतर बघू म्हटलं होतं. जेठ रात्री शेतावर पाण्याला जातो, म्हणून जेठाणी उशाशी विळा ठेवून झोपते. तो अंगणात आला की दोघी उभ्या राहतात, एकीच्या हातात विळा, एकीच्या डाव्या हातात पाटा-वरवंट्याचा वरवंटा. आतापर्यंत तो तुळशीच्या अलीकडे आलेला नाही.

विभागाच्या वार्षिक अहवालात या सगळ्याचा एक फोटो आहे. सर, टीआय, मागे फुटक्या काचेची गाडी. खाली लिहिलंय, विधी सहायता केंद्राच्या पुढाकारानं पीडितेची सुटका. मी फोटोत नाही. फोटो मीच काढला होता.

आणि थीसिस? सर मला म्हणाले, "मॅडम, पाचवं प्रकरण अडचणीचं आहे. या बाईची मुलाखत वापरायची तर नव्यानं लेखी संमती लागेल. फील्डवर्कच्या नैतिकतेचा प्रश्न आहे." त्यांनी हा शब्द वापरला. नैतिकता. ओठावर अजून बारीक वण होता. माझा हात उठला होता. तो मी खुर्चीच्या पाठीवर दाबून धरला.

पाचवं प्रकरण म्हणजे माझी थीसिस. बाकी सगळं त्याच्याकडे नेणारा रस्ता आहे. मी गावी गेले. ती ओसरीत लसूण सोलत होती, डाव्या हातानं. उजव्या हाताचं सरळ बोट पाकळीवर टेकवून धरायची, तेवढं त्याचं काम. मी कागद पुढे ठेवला आणि समजावून सांगितलं.

"नी," ती म्हणाली.

"नाव घालणार नाही. गाव घालणार नाही."

"उस दिन भी बोला था. कमरे के बाहर नी जाएगा."

"मी नेलं नाही बाहेर. सरांनी नेलं. तुला माहितीये सगळं." माझा आवाज चढला. तिच्या पायी मी कायकाय गमावलं ते मी बोलून दाखवलं, बरंच बोलले, जेठाणी दारात येऊन उभी राहिली. ती लसूण सोलत राहिली. गाव बदलते म्हटलं, नातं बदलते म्हटलं, पाट काढून टाकते म्हटलं. एकेक करून मीच भाव खाली आणत होते आणि ती एक आकडा बोलत नव्हती. पाटी भरली तेव्हा तिनं मान वर केली.

"वो नाटक लिखोगी?"

"कुठलं नाटक?"

"वकील बनकर बच्चे जो करते हैं. जिसमें वो जज बैठा था. किसने लिखा, किसने सुना, फिर दरवाजा. वो भी लिखो तो मैं अंगूठा लगाती हूँ. नी तो मत लिखो."

मी घरी येऊन विचार केला. सरांना मी शब्द दिला होता की कुलगुरूंकडे जाणार नाही. थीसिसबद्दल मी काहीच शब्द दिला नव्हता. थीसिसचा शब्द त्यांनी दिला होता, मला. मी पाचवं प्रकरण परत लिहिलं. त्यात मूट कोर्ट घातलं. विभागाचं नाव नाही, सरांचं नाव नाही, फक्त जे झालं ते, तारखेनं लावून. संशोधनातून निघालेली माहिती उत्तरदात्यापर्यंत जखम होऊन कशी परत जाते, असं त्याला शीर्षक दिलं. थिअरी मीही शिकले आहे. तिनं अंगठा लावला.

नियमाप्रमाणे थीसिस जमा करायला गाइडची सही लागते. मी ती बांधून त्यांच्या टेबलावर ठेवली. आज त्याला बरेच महिने झाले. ते सही करत नाहीत. परतही करत नाहीत, कारण परत करायची तर कारण लेखी द्यावं लागतं. गाइड बदलून मागा असं मला चौघांनी सुचवलं. मी मागणार नाही. त्यांचीच सही पाहिजे. दर आठवड्याला मी त्यांच्या चेंबरमध्ये जाते, खुर्चीवर बसते. ते म्हणतात, वाचतोय. मी म्हणते, वाचा.

ती अधूनमधून जेठाणीच्या फोनवरून फोन करते. हाताचं सांगते, अंगणाचं सांगते. मग विचारते, "साइन करी उनने?"

"नाही केली."

"तो बैठी रहो वहीं," ती म्हणते, आणि फोन ठेवते.